झोपायच्या खोलीतले चार टायर

—नाही, नाही, टायर मागाहून, आधी ट्रक. तुमचा ट्रक काय काय करतो एवढंच विचारलं मी, तर तुम्ही म्हणता 'सगळं'. सगळं म्हणजे काय, भाऊ? तीस वर्षं झाली मला ह्या धंद्यात, आणि ह्या दारात आलेला प्रत्येक माणूस मान ताठ करून हेच सांगतो — आपला ट्रक सगळं करतो. मागच्या आठवड्यात एक आला होता, त्याचा ट्रक फक्त बर्फ वाहतो — कारखान्यातून बाजारात, बाजारातून रिकामा परत कारखान्यात, सरळ डांबरी रस्ता, सगळ्या वाटेत वळण एकच, तेही बेकरीपाशी — आणि तोसुद्धा म्हणाला, सगळं करतो! बसा तुम्ही. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लबाड आहे. ह्या टायरवर बसा, टायरवर बसलेला माणूस कधी पडत नाही. हां. आता एकेक करून सांगा. वाळू? बरं. विटा, बरं. मधमाश्यांच्या पेट्या? माश्यांसकट? बाप रे. आणि तुम्ही पुढे बसून गाडी चालवता, मागे पन्नास हजार माश्या बसलेल्या — चालवा बाबा, छाती आहे तुमची. शेजाऱ्याचं आजारी वासरू, शाळेची बाकं, मेव्हण्याचं घर बदलताना त्याचं कपाट... ते कपाट तीनदा? मेव्हण्याला म्हणावं एका जागी बस. आणि दर बुधवारी आई. आईला दवाखान्यात, गुडघ्यासाठी. हे शेवटी का सांगितलंत? हे पहिलं सांगायचं असतं.

उठू नका, बसा, मीच बघतो. माझी पद्धत आहे — जुन्या टायरवर हात फिरवल्याशिवाय मी नवा टायर विकत नाही. लोक तळहात बघून भविष्य सांगतात, मी टायर बघून भूतकाळ सांगतो, आणि भूतकाळ चुकत नाही. आता हा मागचा बघा, मधली नक्षी पार गुळगुळीत, कडेची शाबूत — हवा जास्त भरता. ओझं आहे म्हणून ठासून भरता आणि मग ओझं उतरलं तरी काढत नाही, बरोबर? ही डावी कड सोललीय, म्हणजे रोज कुठंतरी डावं चाक फुटपाथवर चढवता — रोज नाही? — बुधवारी! दवाखान्यापुढे! आईला उतरायला सोपं जावं म्हणून. बघा, टायर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. आणि हे चिकट काय... मेण. मधाच्या पोळ्याचं मेण. टायरला मेण लागलेला मी आज पहिल्यांदा बघतोय, खरं सांगतो. आता माप. मापपट्टी? ठेवा ती खिशात. माझी वीत म्हणजे मापपट्टीची आई आहे. एक... दोन... तीन... चार. चार विती. थांबा, परत. एक, दोन, तीन, चार. बरोब्बर चार? भाऊ, तुम्ही आज इथे आलात ना, ते तुमच्या मनानं नाही आलात. तुम्हाला कुणीतरी पाठवलंय.

ऐका. तुम्हाला काय हवंय? कुठंही जाणारा टायर. चिखल, दगड, ओढा, चढ. आहे माझ्याकडे. चारचा संच, नवाकोरा, अजून त्याच्या अंगावरचे ते रबराचे केस गेले नाहीत. ह्या रॅकवर नाही, आत आहे. खास ठेवलाय. चिखलाचा टायर म्हणतात त्याला — नक्षी नाही, ठोकळे आहेत, एकेक ठोकळा साबणाच्या वडीएवढा. दोन ठोकळ्यांच्या मध्ये तुमची तीन बोटं जातात. हा टायर चिखलात घातला की चिखल स्वतः बाजूला होतो. झाडाच्या मुळावरून, नदीच्या गोट्यांवरून, कशावरूनही जा. डांबरी रस्त्यावर? जातो की. डांबरी रस्त्यावर न जायला काय झालं? थोडा आवाज करतो एवढंच. थोडा म्हणजे, गुणगुणतो. चाळीसच्या पुढे गेलात की गुणगुणतो, साठला... साठला जरा मोठ्यानं गुणगुणतो, मग शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पण बोलायचंय काय एवढं गाडीत? ओल्या रस्त्यावर ब्रेक जरा लवकर मारायचा. जरा म्हणजे, समोरच्याचा नंबर वाचता यायच्या आधी. आणि हादरे बसतात, ते बसणारच, ठोकळे आहेत ते, गादी नाही. डिझेलही थोडं... हे मी का सांगतोय तुम्हाला? जाऊ द्या. चांगला टायर आहे. घ्या.

कच्चा रस्ता किती आहे हो तुमच्या वाटेत? घरापासून पक्क्या सडकेपर्यंत. किती? तीनशे पावलं. तीनशे. हं. नाही, काही नाही, तीनशे म्हणजे तसं कमी नाही. पावसाळ्यात तीनशे पावलं पुष्कळ होतात.

आत म्हणजे आत, घरात. दुकानाच्या मागेच घर आमचं. घरात कुठे म्हणजे... झोपायच्या खोलीत. हसा. तुम्ही हसा, सगळे हसतात. पलंगाच्या ह्या अंगाला दोन, त्या अंगाला दोन, वर फुलाफुलांच्या चादरी घातल्यात, लांबून बघितलं तर तिपाईसारखे दिसतात. लांबून म्हणजे खोलीबाहेरून. पाच महिने झाले. आमच्या हिनं आधी काही म्हटलं नाही, एकावर दिवा ठेवला, एकावर तिचा चष्मा ठेवायची, तो रोज मधल्या भोकात पडायचा, मग ती आत हात घालून शोधायची — तरी काही म्हटलं नाही. मग तिच्या कपड्यांना वास यायला लागला. नव्या रबराचा वास, भाऊ, मला तो अत्तरासारखा, पण तो कपाटात शिरला. तिच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं, ही नवीन कपडे घालून गेली, आणि तिच्या शेजारी बसलेली बाई उठून खिडकीशी गेली आणि म्हणाली, बाहेर कुणाचा टायर जळतोय का? त्या दिवशी घरी आली ती बोलायचीच बंद झाली. माझ्याशी. बाकी सगळ्यांशी बोलते. कॉम्प्रेसरशी बोलते.

हा, हाच, हवा भरायचा. मग एका दुपारी ती ह्या दारात येऊन उभी राहिली, मी समोर, पाना हातात — आणि माझ्याकडे न बघता कॉम्प्रेसरला म्हणाली, 'ह्यांना सांग, जेवण निवतंय.' मला वाटलं चेष्टा करतेय. दुसऱ्या दिवशी, 'ह्यांना सांग, पाण्याची टाकी गळतेय.' त्यानं काय सांगायचं, तो आपला घरघरतो. पण तिचं त्याच्याशी जमलं हो. त्याला फडक्यानं पुसते. तीस वर्षांत मला कधी... जाऊ दे. आता मीसुद्धा त्याच्यामार्फतच बोलतो. परवा माझे बूट सापडेनात, तर आधी येऊन कॉम्प्रेसर चालू केला, मग विचारलं. बंद असताना विचारणं बरं दिसत नाही.

तर मुद्दा काय, आज चार वाजताच्या बसनं माझी थोरली मेव्हणी येतेय. हिची मोठी बहीण. पंधरा दिवस राहणार, आणि झोपणार त्या खोलीत. सकाळी हिनं कॉम्प्रेसरला सांगितलं — दोनदा सांगितलं, त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून — 'चारपर्यंत ते टायर घराबाहेर गेले नाहीत, तर ताई येईल त्याच बसनं मी ताईबरोबर जाईन.' ह्याच बसनं, परतीच्या. बॅग भरलीय तिनं. मी बघितली. हिवाळ्याचे कपडेसुद्धा घेतलेत, भाऊ, आणि हिवाळ्याला अजून पाच महिने आहेत. आणि आता वाजलेत... सव्वातीन. म्हणून म्हटलं तुम्हाला कुणीतरी पाठवलंय. चार विती!

गिऱ्हाइकं आली नाहीत असं नाही. तीन आली. पहिला तो डोंगरात लाकडं आणायला जातो, त्याला हा टायर म्हणजे सोन्याहून पिवळं. आला, बघितला, आवडला, पण म्हणाला, कंपनीचा कागद द्या बरोबर, कोणत्या तारखेचा माल आहे ते बघायचंय. कागद नाही देता येत मला. का म्हणजे... नाही देता येत. गेला तो. दुसऱ्या डॉक्टरीणबाई. उंच जीप, आणि हौस त्याहून मोठी. मी त्यांना एवढंच म्हणालो, बाई, ह्या टायरवर पेशंटकडे पोचाल, पण पोचेपर्यंत तुम्हालाच डॉक्टर लागेल. हसल्या आणि गेल्या. तोंड आहे की काय आहे माझं! उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिसरा अगदी घेतच होता, आत येऊन चादर उचलली आणि तिसऱ्या टायरात मांजरी व्यालेली. पाच पिल्लं. आता डोळे न उघडलेली पिल्लं असताना टायर कसा हलवायचा? माणूस आहे की नाही मी? आता हलवता येतो, आता ती उघड्या डोळ्यांनी सगळ्या घरभर आहेत. पण तो गेला तो गेलाच.

घेता? बघायच्या आधीच? म्हणजे... खरंच? नाही, मी कशाला नको म्हणू? मी तर म्हणतोय घ्याच. द्या टाळी. आत्ता बसवून देतो, जॅक तिथंच आहे, चाळीस मिनिटं लागतील, पाऊण तासात तुम्ही तीनशे पावलं चिखलातून... तीनशे. भाऊ, आईचा गुडघा कोणता? दोन्ही? ऑपरेशन झालंय का व्हायचंय? व्हायचंय. हं. आणि दवाखाना किती लांब — दोन तास. पक्की सडक ना? दोन तास जायचं, दोन तास यायचं, दर बुधवारी... नाही, मी काही म्हणत नाही. थांबा, जॅक शोधतो. कुठे गेला जॅक? — आहे, हातातच आहे.

नाही जमत, भाऊ. माफ करा. नका घेऊ. सुरी सोन्याची झाली म्हणून काय पोटात खुपसून घ्यायची? तुम्हाला मधला टायर लागतो. तो तिथला, खालच्या फळीवरचा, हा. दिसायला साधा आहे, फोटोत चांगला येत नाही. मध्ये नक्षी बारीक, जवळजवळ — सडकेला. कडेला जरा मोठे ठोकळे, तुमच्या तीनशे पावलांना. दोन्हीकडची चाकरी निमूटपणे करतो. ओझं घेताना हवा भरा, उतरलं की काढा, आणि बुधवारी सकाळी तर आठवणीनं काढा, आईला पाळण्यात बसल्यासारखं वाटेल. माश्यासुद्धा कमी चिडतील. आणि तो चिखलाचा टायर, तो ज्याचा ट्रक सगळं करतो त्याच्यासाठी नसतोच. तो एकच गोष्ट करणाऱ्याचा असतो. सगळं करणाऱ्यानं मधलाच घ्यावा. घ्या, सांगून टाकलं. सव्वातीन... साडेतीन झाले. गेली आमची ही बसमध्ये.

काय म्हणालात? कंपनीला परत का नाही पाठवत? अहो, कंपनीचीच तर चूक! आम्ही मागवले साडेतीन वितीचे, आमच्या स्वतःच्या ट्रकसाठी, त्यांनी पाठवले चारचे. गलथान कारभार. मागवतो एक, येतं भलतंच. मग परत पाठवायला काय झालं? तेच ना. परत पाठवायचं तर... त्याला कागद लागतो. मागणीचा कागद. आणि तो कागद हरवलाय. हरवलाय म्हणजे सापडत नाही. सापडत नाही म्हणजे — तुम्ही असे बघू नका हो माझ्याकडे. मधमाश्यांकडे असंच बघता का? कागद आहे. व्हॉल्व्हच्या टोपणांचा तो निळा डबा दिसतोय ना, त्याच्या तळाशी आहे. घडी करून. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय — चार विती, आणि खाली कंपनीचा आकडा, तोही चारचाच. खाली माझी सही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून झाकून ठेवलीय.

मागवले मीच. हिला न सांगता मागवले. का मागवले ते कुणाला सांगायचं नाही हं, बाहेर तर नाहीच. लग्नाला आमच्या तेव्हा सहा महिने झाले होते. माझा पहिला ट्रक, तुमच्यासारखाच, सगळं करणारा. जंगलातून वर एक कच्चा रस्ता जातो, वर म्हणे एक तळं आहे. मी म्हटलं चल, तळं दाखवतो. निम्म्या वाटेत चाकं चिखलात अशी रुतली की दार उघडेना. टायर साधे, गुळगुळीत. तीस वर्षांपूर्वी मला टायरमधलं काय कळत होतं, तेव्हा तर मी भांड्यांच्या दुकानात होतो. मी घामाघूम, फांद्या तोडून चाकाखाली घालतोय, आणि ही बॉनेटवर बसून भुईमुगाच्या शेंगा खातेय आणि हसतेय. रागावली नाही हो. हसत होती. शेवटी लाकडं नेणाऱ्यांनी ओढून काढलं, खाली आलो, तळं राहिलं ते राहिलंच. त्यानंतरच मी टायरच्या धंद्यात पडलो, लोकांना सांगतो धंदा चांगला म्हणून पडलो. आता दरवर्षी एकदा तरी ही म्हणते — म्हणायची — 'ते तळं कसं असेल हो?' मी म्हणायचो, तळ्यासारखं. तर ह्या वर्षी म्हटलं, तिसावं वर्ष, न सांगता टायर बसवायचे, सकाळी म्हणायचं बस गाडीत, आणि थेट वर. चिखल काय नि दगड काय. दोन्ही थर्मास नवे घेतलेत. ते कुठे आहेत ते सांगत नाही.

आणि चुकलं कुठे? अंगठ्यात चुकलं. हा, उजवा. त्याच आठवड्यात टायर काढताना पाना सटकला आणि अंगठा सोलवटला. हिनं पट्टी बांधली. हिची पट्टी म्हणजे काय सांगू, कोबीचा गड्डा बांधला अंगठ्याला. अंगठा वाकलेला, आत गुंडाळलेला. आणि मी शहाणा, तसाच गेलो ट्रकपाशी आणि मापलं — एक, दोन, तीन, चार. मलाच बरं वाटलं, म्हटलं वा, आपला ट्रक चांगला मोठा आहे की! वीत आखडली, भाऊ. पंजा तोच, टायर तोच, वीत दीड बोट आत गेलेली, मग साडेतीनाचं चार होणार नाही तर काय. टायरवरचा आकडा वाचायचा? वाचतो ना, गिऱ्हाइकाचा वाचतो. स्वतःच्या ट्रकचा आकडा वाचायचा म्हणजे स्वतःच्या बायकोचं नाव चिठ्ठीवर बघून सांगण्यासारखं. आणि तसाही तो घासून गेलाय. सगळ्या गावाला माप सांगणारा मी, आणि माझ्याच दारातल्या गाडीचं माप मला... दिव्याखाली अंधार. टायर आले, लावून बघितले, मडगार्डात शिरेनात. अर्धा दिवस ढकलत होतो. वाटलं, जोर लावला तर बसतील.

नाही, सांगायलाच निघालो होतो मी. त्याच संध्याकाळी सांगणार होतो. पण मी पहिलं वाक्य म्हणालो, 'अगं, हे चारचे आलेत,' आणि दुसरं म्हणायच्या आत हिनं फोन उचलला. कंपनीला. तुम्ही आमच्या हिला बोलताना ऐकलं नाहीत. पाऊण तास! त्या कारकुनाला विचारलं, तुमच्या शाळेत आकडे शिकवत होते का? तुमच्या आईला माहीत आहे का तुम्ही असं काम करता ते? तो बिचारा कागद बघून सांगतोय, बाई, इथं चारच लिहिलंय, आणि ही म्हणते, 'आमच्या ह्यांची वीत चुकत नाही. तीस वर्षांत चुकली नाही. तुमचा कागद चुकला असेल.' मी इथंच उभा होतो, ह्याच जागी, अंगठा पाठीमागे धरून. शेवटी तो रडकुंडीला आला आणि म्हणाला, माझीच चूक, बाई, तुमच्याकडचा कागद पाठवा, बदलून देतो. त्यानं माफी मागितली. न केलेल्या चुकीची. आणि ही फोन ठेवून माझ्याकडे वळली, गाल लाल झालेले, आणि म्हणाली — 'तुमच्याबद्दल कुणी असं बोललेलं मला खपत नाही.' आता सांगा भाऊ, त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगायचं? तुम्ही सांगितलं असतंत? खरं सांगा. तर मग. मी म्हटलं, कागद हरवला. आणि टायर दुकानात ठेवले तर धंद्यातली माणसं विचारणार, चारचे कशाला मागवलेत, तुमची गाडी तर साडेतीनची — म्हणून नेले आत. तिला वाटतं मी हट्टानं ठेवलेत. तिला वाटतं मला तिच्यापेक्षा टायर प्यारे. वाटू दे म्हटलं. हट्टी नवरा चालतो हो, चुकलेला नवरा... पण हट्टीही नाही चालत. चार महिने झाले, एक शब्द नाही. जेवण वेळेवर, गरम, सगळं — पण ताट ठेवते आणि जाते. मला करमत नाही, भाऊ. तीस वर्षं रोज जी बाई कानाशी बोलत होती ती... घर असं सपाट झालंय. त्या टायरांना दिवा लावून मी रोज बघतो आणि म्हणतो, एका अंगठ्यासाठी काय हे! पण सांगायची हिंमत नाही. ती बसमध्ये बसली तरी नाही व्हायची. किती वाजले? वीस मिनिटं राहिली.

काय? तिकडे काय बघताय? माझ्या मागे काय आहे? भाऊ, तुम्ही असे उठून का उभे राहिलात, नमस्कार कुणाला करताय—

अगं.

कधीपासून उभी आहेस? नाही, म्हणजे... चहा आणलास होय. दोन कप. निवला असेल तो. मी आपलं ह्यांना टायरची माहिती देत होतो. मधला टायर, सडकेला बरा, कच्च्याला पण... अंगठ्याचं ऐकलंस? फोनचं पण? आणि तळ्याचं... तेही. थर्मासचं पण ऐकलं असशील मग.

काय म्हणालीस? नाही, कळलं मला, शब्द कळले. कुणाला विचारलंस? कॉम्प्रेसर तर बंद आहे. मला विचारलंस? — हो, तो कारकून. आठवतं मला, तू काय काय म्हणालीस त्याला. त्याच्या आईबद्दल पण, हो. मी करतो त्याला फोन. आत्ता करतो. तू नको, माफी मी मागतो, चूक माझी आहे. निळ्या डब्यात. तळाशी बघ, टोपणं सांडू नकोस — सांड, सांड, काही हरकत नाही, सगळी सांड. हे माझंच अक्षर. हो, सहीपण माझीच. मूर्ख आहे मी. बरोबर आहे. महामूर्ख — तेही बरोबर आहे.

भाऊ, तुम्ही निघा आता. टायर उद्या. उद्या सकाळी या, मधले बसवून देतो, आईला घेऊन या हवं तर. चहा? चहा राहू द्या, कप तिच्या हातात आहे, आत्ता मागू नका. अहो, तुमचा ट्रक सगळं करतो ना, मग चार वाजता बसथांब्यावर जा आणि आमच्या मेव्हणीला घेऊन या — जाड चष्मा, मोठी पिशवी, भांडखोर चेहरा, ओळखाल लगेच. घाई नका करू, लांबच्या रस्त्यानं आणा. काय? नाही, रडत नाही मी. निघा ना, भाऊ. चार महिन्यांनी ती ओरडतेय हो, आणि माझ्यावर ओरडतेय. मला नीट ऐकू द्या.